माँटाना कोणत्या लढाईत बुडाली?

आठवीच्या वर्गात प्लावक बलाचा भाग चालू होता. लोखंडाचा खिळा बुडतो, मग लोखंडाचे जहाज का तरंगते, हा नेहमीचा प्रश्न फळ्यावर होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, माँटाना कोणत्या लढाईत बुडाली?"

सोलापूरच्या मुलांचे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव, फार तर उजनीचा जलाशय. वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. या मुलाला मात्र माँटाना या अमेरिकन युद्धनौकेच्या तोफा किती, चिलखत किती जाड, वेग किती, हे सगळे पाठ होते. हे ज्ञान 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' या संगणकावरच्या खेळातून आलेले होते. मी त्याला सांगितले, की माँटाना कुठेच बुडाली नाही, कारण ती कधी बांधलीच गेली नाही. त्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, "पण सर, तिचे सगळे आकडे आहेत की!"

आकडे आहेत म्हणजे वस्तू आहे, हा समज विज्ञानाच्या शिक्षकाने सोडून देण्यासारखा नाही. म्हणून पुतण्याच्या संगणकावर चार रविवार बसून मी तो खेळ पाहिला. त्याचे हे परीक्षण.

खेळ आणि नौकेची ओळख

वॉरगेमिंग या कंपनीचा हा खेळ २०१५ साली बाजारात आला. नेहमीच्या लढतीत दोन्ही बाजूंना बारा-बारा खेळाडू असतात, प्रत्येकाकडे एक नौका असते आणि वीस मिनिटांत निकाल लागतो. नवी नौका खेळात येण्याआधी कंपनी तिची ओळख प्रसिद्ध करते. तोफांची संख्या व व्यास, पल्ला, चिलखताची जाडी, वेग, वळण्याची त्रिज्या असा तक्ताच असतो. सोबत सूचना असते, की चाचणीनंतर हे आकडे बदलू शकतात. ही सूचना मुले वाचत नाहीत. खरे तर सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. बांधलेल्या नौकेची लांबी चाचणीनंतर बदलत नसते. इथे बदलते, कारण खेळाचा समतोल साधायचा असतो.

खेळातल्या नौका तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार बांधलेल्या नौकांचा. 'आयोवा' व तिच्या तीन भगिनी नौका प्रत्यक्ष समुद्रात उतरल्या. त्यांतल्या 'मिसुरी'वर २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीच्या कागदांवर सह्या केल्या. दुसरा प्रकार केवळ रेखाटलेल्या नौकांचा. माँटाना वर्गाच्या पाच नौकांना १९४० साली मंजुरी मिळाली, अभियंत्यांनी तपशीलवार आराखडे केले, पण एकीचाही तळ घातला गेला नाही आणि जुलै १९४३ मध्ये पाचही नौका रद्द झाल्या. तिसरा प्रकार कल्पिलेल्या नौकांचा. खेळातल्या 'रेपुब्लिक' या फ्रेंच नौकेवर ४३१ मिलिमीटर व्यासाच्या आठ तोफा आहेत. फ्रेंच नौदलाच्या कोणत्याही नौकेवर अशा तोफा कधी चढल्या नाहीत. १९०२ साली जलावतरण झालेली याच नावाची एक फ्रेंच युद्धनौका होती, पण तिच्यावरच्या मोठ्या तोफा ३०५ मिलिमीटरच्या होत्या.

पडद्यावर तिन्ही प्रकारच्या नौका सारख्याच खऱ्या दिसतात. गंजाचे डागसुद्धा सारखेच. माझा पहिला आक्षेप इथे आहे. तक्त्याच्या माथ्यावर 'बांधलेली', 'रेखाटलेली' किंवा 'कल्पिलेली' एवढा एक शब्द ठळक छापला असता, तर खेळाची मजा कमी झाली नसती.

माँटानाचे गणित

आता खेळाची जमेची बाजू. माँटाना खोटी असली तरी बेहिशेबी नाही. तिचे मूळ आराखडे जाणत्या अभियंत्यांचे आहेत आणि त्यांत उत्तम भौतिकशास्त्र दडलेले आहे.

आयोवाचे प्रमाणित विस्थापन ४५,००० टन, तर माँटानाचे ६०,५०० टन. आयोवावर ४०६ मिलिमीटरच्या नऊ तोफा होत्या, माँटानावर तशा बारा येणार होत्या. कडेचे चिलखतही अधिक जाड, म्हणजे ४०९ मिलिमीटरचे होते. लांबी २८१ मीटर. रेल्वेचे साधारण बारा डबे एकापुढे एक उभे करावेत, तेवढी. एवढे सगळे मिळाले, मग गेले काय? वेग गेला. आयोवाचा वेग ३३ नॉट, माँटानाचा २८. रुंदीही ३३ मीटरवरून ३७ मीटरपर्यंत वाढली. पनामा कालव्याची तेव्हाची दारे ३३.५ मीटर रुंद होती. त्यांतून ही नौका जाऊच शकली नसती.

वेग का गेला, हे वर्गात मांडता येते. पाण्याचा रोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. २८ भागिले २८ म्हणजे १, पण ३३ भागिले २८ याचा घन सुमारे १.६४ येतो. माँटानाच्या इंजिनांची शक्ती १,७२,००० अश्वशक्ती ठरली होती. तिला आयोवाच्या वेगाने पळवायचे, तर सुमारे २,८०,००० अश्वशक्ती हवी. लाटा उठवण्यात वाया जाणारी ऊर्जा धरली तर आणखी जास्त. जास्त शक्तीला जास्त बॉयलर, बॉयलरना जागा, जागेला लांब सांगाडा, सांगाड्याला चिलखत, चिलखताचे वजन, आणि वजनासाठी पुन्हा शक्ती. असे हे चक्र आहे. तोफा, चिलखत आणि वेग ही तीन माणसे एकाच घोंगडीत झोपली आहेत. एकाने ती ओढली, की दुसरा उघडा पडतो.

आपल्या किनाऱ्यावरही हाच हिशेब होता. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातली गुराबे आणि गलबते उथळ तळाची होती. त्यामुळे ती कोकणच्या खाड्यांत सहज शिरत. परंतु त्यांवर युरोपियन जहाजांइतक्या अवजड तोफा चढवता येत नसत.

गोळा आणि शंभर युनिट वीज

माँटानासाठी ठरलेल्या तोफा आयोवावर प्रत्यक्ष बसलेल्या होत्या. त्यांचा चिलखतभेदी गोळा १,२२५ किलोग्रॅमचा, तोफेतून सुटतानाचा वेग सेकंदाला ७६२ मीटर. नववीच्या मुलांना गतिज ऊर्जा काढायला सांगा. उत्तर सुमारे ३५.५ कोटी ज्यूल येते. त्याला ३६ लाखांनी भागा, जवळजवळ ९९ युनिट होतात. वीजबिलातला पहिला टप्पा शंभर युनिटांचा असतो. एका गोळ्यात तेवढी ऊर्जा आहे, हे कळले की वर्ग गप्प होतो.

पुढचा प्रश्न पल्ल्याचा. हवा नसती तर या वेगाने गोळा जास्तीत जास्त ५९ किलोमीटर गेला असता. प्रत्यक्षात पल्ला ३८.७ किलोमीटर आहे. सोलापूरहून सरळ रेषेत अक्कलकोट सुमारे ३५ किलोमीटर, तुळजापूर चाळीसच्या थोडे पुढे. म्हणजे निर्वात जगात हा गोळा तुळजापूर ओलांडून बराच पुढे जाईल, आपल्या जगात तो अलीकडेच पडेल. हवेचा रोध "दुर्लक्षणीय मानू" असे आपण फळ्यावर किती सहज लिहितो!

खेळ नेमका इथे घसरतो. २० किलोमीटरवरच्या शत्रूपर्यंत गोळा पोहोचायला पडद्यावर पंधरा सेकंदही लागत नाहीत. वाटेत वेग मुळीच कमी झाला नाही असे धरले, तरी ७६२ मीटरच्या वेगाने २६ सेकंद लागायला हवेत. नौकाही अशाच पळतात. नकाशावर चौकोन आखलेले असतात. एक चौकोन ओलांडायला लागणारा वेळ घड्याळावर मोजला, तेव्हा २८ नॉटची नौका सुमारे पाचपट वेगाने जाताना आढळली. वीस मिनिटांत लढाई संपवायची तर काळ आखडावा लागणार, हे मान्य. परंतु तक्त्यात '२८ नॉट' लिहायचे आणि पडद्यावर वेगळेच दाखवायचे, हे मुलांना सांगितले पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे मुलांनाच मोजू द्यावे.

नेमबाजीचेही तसेच. खेळात सराईत खेळाडूचे चार-पाच गोळ्यांतले एक तरी लागते. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत मोठ्या तोफांचे शंभरातले जेमतेम तीन गोळे लागले होते.

नौका कशी बुडते?

माझा सर्वांत मोठा आक्षेप बुडण्याविषयी आहे. खेळात प्रत्येक नौकेला ठरावीक 'आयुष्यगुण' असतात. माँटानाला नव्वद हजारांहून जास्त. गोळा लागला की गुण कमी होतात. शून्य झाले की नौका बुडते, आणि एक गुण उरला असला तरी ती पूर्ण वेगाने पळते. खरी नौका गुण संपले म्हणून बुडत नाही. पाणी आत शिरते, तरंगण्याची क्षमता घटते, एका बाजूचे कप्पे भरले की ती कलंडते. हे दाखवायला साबणाची मोठी प्लॅस्टिकची डबी आणि पाण्याचे घमेले पुरे. डबीत मेणाने आडवे-उभे पडदे बसवा, एका कडेला भोक पाडा, आणि पडदे असताना व नसताना काय होते ते पाहा. शेवटी कलंडू लागलेल्या डबीच्या दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात मुद्दाम पाणी घाला. डबी सरळ होते, पण अधिक खोल बसते. नौदलातले लोकही हाच उपाय करतात. तो आर्किमिडीजच्या तत्त्वावर उभा आहे, आणि खेळात तो नाही.

खेळात माणसेही नाहीत. २४ मे १९४१ रोजी 'हूड' ही ब्रिटिश नौका दारूकोठाराच्या स्फोटाने काही मिनिटांत बुडाली. तिच्यावरच्या १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. पडद्यावरचा खेळाडू नौका गमावून लगेच बंदरात परततो आणि दुसरी नौका निवडतो.

समुद्रच बदलला

माँटाना रद्द का झाली, हे तक्त्यात कुठेच नाही. तिला कोणत्या तोफेने हरवले नाही. विमानांनी हरवले. १९४२ साली मिडवेच्या लढाईत विमानवाहू नौकांचे महत्त्व सिद्ध झाले, आणि पोलाद व कामगार तिकडे वळवले गेले. ७ एप्रिल १९४५ रोजी जगातली सर्वांत मोठी बॅटलशिप 'यामातो' विमानांच्या हल्ल्यात बुडाली. त्या शेवटच्या सफरीत तिला एकही अमेरिकन युद्धनौका आपल्या तोफांच्या टप्प्यात मिळाली नाही.

आपल्या नौदलातली 'मैसूर' ही क्रूझर या खेळात आहे. ती खरी. १९५७ ते १९८५ या काळात ती आपल्याकडे होती, आणि १९७१ च्या युद्धात मुंबईच्या पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. पण ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीसमोर पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका बुडवली ती दोनशे टनांच्या आसपासच्या क्षेपणास्त्र नौकांच्या हल्ल्याने. 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या त्या नौका. बुडालेली विनाशिका त्यांच्या सुमारे दसपट वजनाची होती.

खेळात मात्र बॅटलशिपला टिकवून ठेवावे लागते, म्हणून विमानवाहू नौकांची संख्या आवरून धरलेली असते. माँटाना या नौकेपेक्षा तिच्याभोवतीचा समुद्र अधिक काल्पनिक आहे, असे माझे मत झाले.

एक गोष्ट पालकांसाठी. खेळ फुकट असला तरी काही नौका पैशांना मिळतात, आणि आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या पेट्याही असतात. संभाव्यतेचा धडा त्यावर जरूर घ्यावा, पण पेटी विकत न घेता.

खेळावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. मुलाला आकड्यांची गोडी लागली आहे, ती मोडू नये. मी त्या मुलाला वहीत स्वतःची युद्धनौका आखायला सांगितले. पहिल्या तक्त्यात पंधरा तोफा, अर्धा मीटर चिलखत आणि चाळीस नॉट वेग होता. वर्गाने घनाचा हिशेब करून दाखवला. पंधरा दिवसांनी त्याने नवा तक्ता आणला. तोफा आठवर आल्या होत्या, वेग तीसवर. आणि माथ्यावर त्याने स्वतःहून लिहिले होते : 'कल्पिलेली'.