खाज थांबली, पण बुरशी?

पावसाळ्यात सोयाबीन-कपाशीच्या रानात दिवसभर ओल्या कपड्यांत वावरावे लागते. मग वर्धा जिल्ह्यातील अल्लीपूरसारख्या गावात जांघेत, काखेत, कमरेला गोल, लालसर, खाजरे चट्टे दिसले तर नवल नाही. यालाच आपण गजकर्ण, बोलीत गचकरण म्हणतो. ‘स्वच्छता पाळा’ एवढे सांगून शाळेतला धडा संपतो. आमचा आक्षेप या अपुऱ्या धड्यावर आहे, आणि त्याहून अधिक दुकानात मिळणाऱ्या ‘सर्वगुणसंपन्न’ मलमावर आहे.

आधी साधे बुरशीनाशक मलम काय करते ते पाहू. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगते. तिच्या पेशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल असते. आपल्या पेशींत त्याजागी कोलेस्टेरॉल असते. क्लोट्रिमॅझोल आणि टर्बिनाफिन ही औषधे अर्गोस्टेरॉल तयार होण्याची साखळी वेगवेगळ्या टप्प्यांवर तोडतात. म्हणून बुरशी मरते, आपली त्वचा शाबूत राहते.

‘सर्वगुणसंपन्न’ मलमात याच्या जोडीला जिवाणूनाशक आणि तीव्र स्टेरॉइड असते. जिवाणूनाशकाचा बुरशीवर काहीच परिणाम होत नाही. स्टेरॉइड मात्र शरीराचा स्थानिक प्रतिकारच दाबते. लाली उतरते, खाज दोन दिवसांत थांबते आणि रोगी खूश होतो. बुरशी मात्र आत पसरत राहते. चट्ट्याचे रूपही असे पालटते की डॉक्टरांनाही ओळख पटू नये. या फसव्या रूपाला १९६८ साली ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असे नावच मिळाले. शिवाय जांघेतली त्वचा पातळ होऊन कायमचे वळ उमटतात ते वेगळेच. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा.

२०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. पण नियम कागदावर राहतो आणि मलम हातोहात जाते. दरम्यान टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी भारतात फोफावली. २०२० साली तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. आपल्या देशाचे नाव अशा कारणाने विज्ञानात जावे, हे भूषणावह नाही. अशा मलमांचा बेसुमार वापर हे तिच्या फैलावाचे एक कारण असावे, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

कोणी म्हणेल, खाज असह्य होते, डॉक्टर दूर असतो, मग माणसाने करावे काय? प्रश्न रास्त आहे. पण स्टेरॉइड नसलेले साधे बुरशीनाशक मलमही दुकानात मिळते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर, साधारणपणे २ ते ४ आठवडे लावावे लागते. चट्टा दिसेनासा झाला तरी लगेच थांबवायचे नसते. त्यानेही गुण आला नाही, चट्टे पसरले किंवा मुलाच्या डोक्यात गजकर्ण झाले, तर पोटात घ्यायचे औषध लागते. ते डॉक्टरांनीच द्यायचे.

शिक्षकांनी एक करून पाहावे. मुलांना घरातील मलमांची रिकामी खोकी आणायला सांगावीत आणि घटकांची नावे वाचून घ्यावीत. शेवटी ‘-नॅझोल’ किंवा ‘-मॅझोल’ असेल तर बहुधा बुरशीनाशक. ‘-मेथासोन’ किंवा ‘-बेटासोल’ असेल तर स्टेरॉइड. एवढे वाचता आले, तरी ‘स्वच्छता पाळा’च्या पुढचा धडा सुरू झाला असे आम्ही समजू.