गोल झाल्यानंतर

भाऊबीज सरली की आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक! बांधीतले धान कापणीला आलेले असते, आणि रात्री मंचावर राजाचा मुकुट घालून टाळ्या मिळवणारा गावातलाच गडी सकाळी विळा घेऊन धुऱ्यावर उभा दिसतो. वेषभूषेबरोबर कीर्तीही उतरवून ठेवावी लागते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्यांना ही सोय नाही त्यांचे काय होते, हा प्रश्न फुटबॉलवरील दोन चित्रपट पाहताना मनात आला. तोच वाचकांपुढे मांडतो.

पहिला चित्रपट परदेशी. 2005 साली आलेल्या ‘गोल’मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका मेक्सिकन माळ्याचा मुलगा, सान्तियागो मुनेस, इंग्लंडातल्या न्यूकॅसल संघापर्यंत पोहोचतो. 2007 सालच्या दुसऱ्या भागात त्याला रेआल माद्रिदचे बोलावणे येते. झाउमे कोलेट-सेरा यांनी दिग्दर्शित केलेल्या या उत्तरार्धाचा विषय खरोखर मोलाचा आहे. मिळवण्याची धडपड संपली. आता मिळालेले पचवायचे कसे? नवी मोटार, रात्रीच्या मेजवान्या, मागे राहिलेली वाग्दत्त वधू, दुरावलेला हितचिंतक मार्गदर्शक, आणि लहानपणी सोडून गेलेली आई नेमकी माद्रिदमध्येच सापडणे. नाट्याला सामग्रीची वाण नाही. पडद्यावर बेकहॅम, झिदान हे खरे खेळाडू वावरतात, खऱ्या मैदानांचा झगमगाट आहे.

तथापि कथाकारांना आपल्याच प्रश्नाची भीती वाटली असावी. कीर्तीने बिघडलेले सर्व काही ते युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात आर्सेनलला हरवून निस्तरतात. म्हणजे ज्या औषधाने रोग झाला, त्याचीच मोठी मात्रा! चषक उंचावला की मन थाऱ्यावर येते, असे आयुष्यात घडत नाही. प्रेक्षक आनंदाने उठतो. प्रश्न मात्र खुर्चीवरच बसून राहतो.

दुसरा चित्रपट आपल्या शेजारचा. गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवरच्या नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. त्या कार्यावर नागराज मंजुळे यांनी हिंदीत केलेला ‘झुंड’ मार्च 2022 मध्ये झळकला. अमिताभ बच्चन गुरुजींच्या भूमिकेत. पण त्यांच्याभोवतीची मुले बहुतेक नवखी, नागपुरातल्या वस्त्यांतून निवडलेली. त्यांच्या बोलण्याला, चालण्याला शिकवलेपणाचा वास नाही, हे चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ होय. आदिवासी मुलीच्या पासपोर्टासाठी कागदपत्रे जमवतानाची तिच्या बापाची फरफट तर आपल्या पूर्व विदर्भातल्या कोणाही माणसाला ओळखीची वाटेल.

चित्रपट लांबला आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. न्यायालयातले भाषण प्रेक्षकाला आधीच कळलेले पुन्हा सांगते. परंतु शेवट पाहा! विमानतळावरच्या तपासणीत डॉनच्या खिशातले पाते निघते, तो ते टाकून देतो, आणि विमान वस्तीच्या भिंतीवरून उडून जाते. परदेशातला सामना मंजुळे दाखवतच नाहीत. चषकाच्या मोहातून सुटलेला हा शेवट मला ‘गोल’च्या दुसऱ्या भागाहून कितीतरी प्रौढ वाटतो.

मात्र एक गोष्ट राहून जाते. विमान उडाले तिथे कथा थांबली. ज्यांनी ती वठवली ती मुले मात्र थांबली नाहीत. डॉन झालेल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याच चित्रपटात चमकलेल्या दुसऱ्या एका मुलाला 2022 मध्येच चोरीच्या आरोपावरून अटक झाली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरात त्याचा खून झाला. एकाच पडद्यावरून निघालेल्या या दोन वाटा! यात दिग्दर्शकाला दोषी धरणे सोपे आणि अन्यायाचे ठरेल. पण पडद्यावरचा प्रकाश आठवडाभर अंगावर पडतो आणि मग अंधार पूर्वीपेक्षा गडद वाटतो, एवढे त्यावरून शिकायला हरकत नसावी.

बारसे गुरुजींच्या कामाचे मर्म मला इथे दिसते. त्यांच्याकडून बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेलेला अखिलेश पॉल पुढे स्वतः मुलांना शिकवू लागला. परत येण्यासाठी मैदान होते, उद्या सकाळी वाट पाहणारी पोरे होती. कीर्ती पचते ती अशा कामाच्या भाकरीबरोबर. नुसती खाल्ली तर बाधते.

म्हणून मला ‘झुंड’चा दुसरा भाग पाहायचा आहे. तो विमान नागपूरला परत उतरते तिथे सुरू व्हावा. हार गळ्यात आहेत, वस्तीत ढोल वाजतो आहे, आणि दुसऱ्या दिवशी काय करायचे हे कोणालाच ठाऊक नाही. असा चित्रपट कोणी काढीपर्यंत यंदाच्या मंडईत नाटक पाहाल तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. आणि सकाळी तो राजा रस्त्यात भेटला, तर थांबून त्याच्या धानाचीही चौकशी करा.