‘वर्ग’ या शब्दाची व्याप्ती आणि शिंगणापूरचा चौथरा

कायद्यातील शब्दाचा अर्थ न्यायालयात निश्चित होतो. त्याचे आचरण मात्र लोकांनी त्या शब्दाला दिलेल्या अर्थानुसार घडते. या दोन अर्थांतील अंतराचे बोलके उदाहरण म्हणजे 1956 चा हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेशविषयक अधिनियम होय.

मुंबई राज्यात झालेल्या या अधिनियमामागे 1930 मध्ये सुरू झालेला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह, पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींनी 1947 मध्ये केलेले उपोषण आणि त्याच वर्षीचा हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा अशी परंपरा होती. साहजिकच कोणत्याही ‘वर्गाच्या किंवा विभागाच्या’ हिंदूस प्रतिबंध करू नये, या तरतुदीतील ‘वर्ग’ म्हणजे जात, असेच सर्वांनी गृहीत धरले. वास्तविक ‘स्त्रीवर्ग’, ‘महिलावर्ग’ हे शब्द मराठीत नित्य वापरातले आहेत. सभेत स्त्रीवर्गाची बैठक वेगळी मांडताना जो शब्द सहज सुचतो, तो तिचा हक्क मोजताना आठवू नये, हा दोष भाषेचा नसून वाचणाऱ्यांचा आहे.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे या वाचनाची कसोटी लागली. तेथील देवस्थानाला गाभारा नाही. उघड्या चौथऱ्यावर शिळा उभी आहे. त्यामुळे स्त्रियांना दर्शन मिळतेच, मज्जाव केवळ चौथऱ्यावर चढण्यास आहे, असा युक्तिवाद करता येत असे. ‘दर्शन’ या शब्दाच्या आड ‘स्पर्श’ लपला, तो असा. परंतु अधिनियमाने पूजास्थानाची व्याख्या मंदिर या नावापुरती ठेवलेली नाही. आणि प्रवेश व पूजा इतरांस ज्या रीतीने व ज्या मर्यादेपर्यंत करता येते, त्याच रीतीने व मर्यादेपर्यंत प्रत्येकास करता यावी, असे म्हटले आहे. केवळ अडवणेच नव्हे, तर परावृत्त करणेही त्यात निषिद्ध आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर गेल्यानंतर शिळेला दुग्धाभिषेक करण्यात आला. शुद्धीकरणाचा हा विधी परावृत्त करण्याचाच निःशब्द प्रकार नव्हे काय?

विद्या बाळ व नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2016 रोजी शासनास या अधिनियमाची अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला. म्हणजे नवा हक्क निर्माण झाला नाही. साठ वर्षांपूर्वीचे वाक्य प्रथमच पूर्ण वाचले गेले.

तथापि, या वाक्यात एक उणीवही आहे. ते समानता देते, प्रवेश देत नाही. आंदोलनाच्या काळात देवस्थानाने पुरुषांसही चौथऱ्यावर जाण्यास मनाई केली. सर्वांनाच दार बंद असेल, तर ‘त्याच रीतीने’ ही अट अक्षरशः पाळली जाते आणि हक्काच्या हाती काही लागत नाही. ही कोंडी फुटली ती गुढीपाडव्यास, 8 एप्रिल 2016 रोजी. परंपरेच्या जलाभिषेकासाठी पुरुष मनाई मोडून चौथऱ्यावर गेले. पुरुषांना वर जाऊ दिल्यावर स्त्रियांना खाली थांबविण्यास आधार उरला नाही, आणि त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सर्वांस खुला केला. अधिनियमाचा तुलनावाचक शब्द सार्थ झाला, तो रूढी पाळणाऱ्यांच्याच कृतीने!

‘वर्ग’ या शब्दाचा प्रश्न पुढे शबरीमलै प्रकरणातही उपस्थित झाला. केरळच्या 1965 च्या तत्सम अधिनियमातील या शब्दात स्त्रियांचा अंतर्भाव होतो, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने 2018 मध्ये लावला. 2019 मध्ये त्यातील व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले.

नागरी हक्कांचे कायदे सर्वसामान्य शब्दांत लिहिले जातात, हे योग्यच होय. कारण उद्याचा वंचित कोण, हे आज सांगता येत नाही. मात्र सामान्य शब्द आपोआप विशेषापर्यंत पोहोचत नाही. त्याला तेथवर नेणारा वाचक लागतो, आणि शिंगणापुरी तो मिळण्यास साठ वर्षे लागली.