धोरणाचा अभ्यास आणि धोरणाची भाषा

सार्वजनिक धोरण हा विषय विद्यापीठांत रुळला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. त्याच्या अध्यापनाची चौकट मुख्यतः हॅरॉल्ड लासवेल यांची आहे. 1951 मध्ये डॅनिएल लर्नर यांच्यासह संपादिलेल्या ग्रंथाने त्यांनी ‘धोरणविज्ञाना’ची कल्पना मांडली आणि 1956 मध्ये निर्णयप्रक्रियेचे सात व्यापार सांगितले. पुढे पाठ्यपुस्तकांत समस्येची मांडणी, आखणी, स्वीकार, अंमलबजावणी व मूल्यमापन असे टप्पे स्थिरावले. शासन प्रत्यक्षात चाचपडत, लहान लहान पावलांनीच पुढे सरकते, असा आक्षेप चार्ल्स लिंडब्लॉम यांनी 1959 मध्येच घेतला होता. तोही आता पाठ्यपुस्तकांत एका परिच्छेदापुरता उरला आहे. या पुस्तकांच्या मुळाशी मात्र एक गृहीत आहे, ते असे की धोरण ही आधी केलेली निवड असून शब्द हे तिचे केवळ वेष्टन होय. लासवेल स्वतः राजकीय भाषेचे अभ्यासक होते व 1949 मध्ये त्यांनी त्या विषयावर ग्रंथ सिद्ध केला होता, हे येथे सांगणे अप्रस्तुत होऊ नये.

मराठीत ‘धोरण’ हा शब्द मुळात माणसाला चिकटलेला आहे. आपण ‘धोरणी गृहस्थ’ म्हणतो, अमक्याने धोरणाने घेतले असे म्हणतो. ‘सार्वजनिक धोरण’ या जोडशब्दात तो माणूस नाहीसा होतो. शासन निर्णयाच्या भाषेत तर त्याचे नाहीसे होणे व्याकरणसिद्धच आहे. ‘मान्यता देण्यात येत आहे’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ या रचनेत कर्त्याला सहज जागाच उरत नाही. धोरणाच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न ‘कोणी?’ हा असावयास हवा, आणि त्याच्यापुढील साधनग्रंथ तर तेवढेच उत्तर गाळून लिहिलेला असतो. ज्याला हे गाळलेले दिसत नाही, त्याला टप्पे कितीही पाठ असोत, मजकूर वाचता आला असे म्हणवत नाही.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या विचारातून सिद्ध झाली व 1972 च्या दुष्काळाच्या काळात पुढे आली. शहरी नोकरदार व व्यावसायिकांवरील 1975 च्या व्यवसायकरातून तिला निधी मिळाला. 1977 च्या कायद्याने तिला वैधानिक रूप दिले आणि तो कायदा 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला अंगमेहनतीच्या कामाचा हक्क, मागणीनंतर 15 दिवसांत काम, न दिल्यास दिवसाला किमान 1 रुपया बेकारी भत्ता, असा त्याचा आशय होता. संसदेने 2005 मध्ये जो कायदा केला, त्यात हमीचे माप ‘व्यक्ती’ऐवजी ‘कुटुंब’ झाले आणि वर्षाला 100 दिवसांची मर्यादा पडली. एका नामाच्या जागी दुसरे नाम आले आणि सासू, सून व मुलगा यांचे तीन हक्क एका शिधापत्रिकेसारखे एकत्र बांधले गेले. बहुतेक प्रबंधांत हा फरक ‘तपशील’ या सदरात जातो. माझ्या मते तो धोरणातला सर्वांत मोठा फरक आहे.

या योजनेचे घोषवाक्य ‘मागेल त्याला काम’ असे होते. त्यात क्रियापद मजुराचे आहे. देणारा अध्याहृत आहे. (‘त्याला’ हे पुल्लिंगी रूप सर्वसमावेशक मानण्याची रूढी आहे, कामावर मात्र स्त्रियांचे प्रमाण मोठे होते.) मागणे हा वाक्यव्यापार जोपर्यंत नोंदला जात नाही, तोपर्यंत 15 दिवसांची मुदत सुरूच होत नाही. म्हणजे संपूर्ण हमी एका उच्चारावर व त्याच्या पोचपावतीवर उभी होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पाझर तलावाचे किंवा रस्त्याचे काम आधी मंजूर होई आणि मजूर त्यावर येत. बेकारी भत्ता तर क्वचितच दिला गेला.

दोन वर्षांपूर्वी एका तोंडी परीक्षेत मी परीक्षक होतो. परीक्षार्थी विद्यार्थिनी दुष्काळी तालुक्यातील होती. तिने याच योजनेचे पाचही टप्पे आकृती काढून बिनचूक सांगितले. तिच्या गावी या कामाला काय म्हणत, असे विचारले तेव्हा ती प्रथम गोंधळली. मग म्हणाली, ‘‘आजी खडी फोडायला हमीवर जायची. काम निघालं की जायचं, असं ती सांगते.’’ ‘काम मागितलं’ असे आजी कधी म्हणते का, या प्रश्नावर तिने क्षणभर थांबून नाही म्हणून सांगितले. ‘काम निघणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. पाऊस पडावा तसे काम निघते. त्याला मागणाराही नाही आणि देणाराही नाही. कायद्याने दिलेला हक्क मजुराच्या भाषेत कृपेच्या किंवा ऋतूच्या रूपाने उतरला होता, आणि अंमलबजावणीच्या प्रकरणात लिहिण्याजोगी हीच गोष्ट तिच्या प्रबंधात नव्हती. तिला ती ठाऊक नव्हती असे नव्हे. ती ज्ञानात मोडते, असे आम्ही तिला शिकवलेच नव्हते.

या अभ्यासक्रमात किमान एक प्रश्नपत्रिका मूळ मजकुराच्या वाचनासाठी असावी, असे मला वाटते. कायद्याचा इंग्रजी व मराठी पाठ, त्यावरचे शासन निर्णय, हजेरीपट आणि मजुरांची टिपलेली बोली ही चारही साधने शेजारी ठेवून विद्यार्थ्याने ओळीने वाचावीत. मराठीत राज्यव्यवहाराच्या लेखनाची परंपरा नाही, ही सबब टिकणार नाही; रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपल्या हाताशी आहे. अडचण शिक्षकांची आहे. राज्यशास्त्राचा अध्यापक व्याकरणापाशी थांबतो आणि आमच्यासारखे भाषेचे अध्यापक शासन निर्णय हे रुक्ष गद्य म्हणून बाजूला सारतात. ही प्रश्नपत्रिका दोन्ही विभागांनी मिळून शिकवावी लागेल, आणि तिचे गुण कोणत्या विभागाच्या खात्यावर टाकावयाचे, हा वाद बहुधा तिच्याही आधी सुरू होईल.