बाजीरावाच्या जन्माआधीच गेलेलं ठाणं

‘पळपुट्या बाजीरावाने राज्य बुडवलं’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. आज ते एखाद्या पेपरमधला दावा समजून तपासू या.

ठाण्याचं सेंट्रल जेल तुम्ही पाहिलं असेल. तो मूळचा किल्ला. इंग्रजांनी तो मराठ्यांकडून घेतला डिसेंबर 1774 च्या अखेरीस. आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म 10 जानेवारी 1775 चा! 1773 मध्ये नारायणरावाचा खून झाल्यावर पेशव्यांच्या घरातच गादीचं भांडण पेटलं होतं. इंग्रजांनी ती संधी साधली. 1782 च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

चीनच्या छिंग घराण्याचंही असंच. बुडवल्याचं खापर सम्राज्ञी त्सशीवर फुटतं. पण अफूच्या युद्धात हरून नानकिंगचा तह झाला 1842 मध्ये. तिच्या हाती सत्ता आली 1861 मध्ये.

मग बाजीराव निर्दोष? तसं नाही. 1802 चा वसईचा तह त्यानेच केला. त्याने ऱ्हासाचा वेग वाढवला, इतकं म्हणता येतं. सुरुवात त्याच्या नावावर टाकली, की वारसाहक्काच्या भांडणाचा प्रश्न विचारायचाच राहतो.

तुमच्या प्रबंधात ‘यामुळे’ लिहिण्याआधी कारण आणि परिणाम, दोन्हींच्या तारखा शेजारी मांडून बघा.