लाँगफॉर्म म्हणजे अर्थ नव्हे

सामान्यज्ञानाच्या मार्गदर्शक पुस्तिकांत आणि शालेय प्रश्नमंजूषांत ‘लाँगफॉर्म लिहा’ हा प्रश्न हमखास असतो. पूर्वी त्यात डी.एन.ए., रडार, लेसर अशी नावे असत. आता त्यांच्या जोडीला इंटरनेटवरील चर्चांत रूढ झालेले संक्षेपही आले आहेत. एल.ओ.एल., आय.एम.एच.ओ., ए.एफ.ए.आय.के. वगैरे. डावीकडे संक्षेप, उजवीकडे विस्तार. विद्यार्थी तो पाठ करतो, एक गुण मिळवतो आणि विषय तेथेच संपतो. माझा आक्षेप आहे तो या संपण्याला. विस्तार कळला म्हणजे अर्थ कळला, ही समजूत चुकीची आहे आणि विज्ञान शिकवताना ती फार नडते.

एल.ओ.एल. हेच उदाहरण घेऊ. विस्तार ‘लाफिंग आउट लाउड’, म्हणजे मोठ्याने हसणे. परंतु हा संक्षेप लिहिणारा बहुतेक वेळा हसत नसतो. ‘मी हे रागाने म्हणत नाही’, ‘तुमचे म्हणणे पोहोचले’ एवढेच त्याला सुचवायचे असते. यात आपल्याला नवल वाटायला नको. पत्राच्या आरंभी ‘सा. न. वि. वि.’ लिहिणारे आपले वाडवडील काही जमिनीवर आडवे होऊन साष्टांग नमस्कार घालत नव्हते. आदर व्यक्त करून मजकुराला सुरुवात करणे, हे त्या चार अक्षरांचे काम होते. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा विस्तार पाठ करणाऱ्याला हे काम कळतेच असे नाही.

शिवाय एकाच संक्षेपाचे विस्तार अनेक असू शकतात. ऑक्सफर्डच्या बृहत् इंग्रजी शब्दकोशात एल.ओ.एल. मार्च २०११ मध्ये दाखल झाला. त्या वेळी संपादकांनी नोंदवले की १९६० पासून हीच तीन अक्षरे ‘लिटल ओल्ड लेडी’, म्हणजे म्हातारी बाई, या अर्थानेही वापरली जात होती. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून या अक्षरांचा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून आपल्या संदेशांच्या शेवटी ती लिहीत, अशी साक्ष मे २०१२ मध्ये तेथील लेव्हेसन चौकशीत झाली. अर्थ अक्षरांत नसतो, तो वापरणाऱ्यांच्या सहमतीत असतो, हे यावरून दिसते.

संक्षेप का निर्माण होतात, हा प्रश्नही पुस्तिका विचारत नाहीत. वास्तविक विज्ञानाच्या शिक्षकाला येथे उत्तम संधी आहे. तारेचे पैसे शब्दागणिक पडत आणि ती पाठवायला वेळ लागे, म्हणून तारायंत्राच्या काळातच संक्षेपांचे कोश तयार झाले. अमेरिकेत वॉल्टर फिलिप्स यांचा असा कोश १८७९ साली निघाला. भारतात तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना चक्क क्रमांक दिलेले असत. मोबाइलवरच्या एस.एम.एस.ची गोष्टही तशीच. एका संदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागत असल्याने १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७० चिन्हे बसतात. त्यातही काना, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र मोजले जातात. ‘विद्यार्थी’ या शब्दात १० चिन्हे आहेत, म्हणजे १६० बिट झाले. हाच शब्द रोमन लिपीत ९ अक्षरांत लिहिला तर ६३ बिट पुरतात. मराठी मुले मराठी संदेश रोमन लिपीत का लिहू लागली, याची इतर कारणे असतीलही, पण हा हिशेब त्यांतील एक आहे. तो आठवीचा विद्यार्थी फळ्यावर करू शकतो.

आता आय.एम.एच.ओ. आणि ए.एफ.ए.आय.के. पाहू. पहिल्याचा विस्तार ‘इन माय हम्बल ओपिनियन’, म्हणजे ‘माझ्या नम्र मते’. दुसऱ्याचा ‘ॲज फार ॲज आय नो’, म्हणजे ‘माझ्या माहितीप्रमाणे’. यादीत ते एकाखाली एक येतात आणि सारखेच वाटतात. पण त्यांतील भेद विज्ञानाच्या दृष्टीने मूलभूत आहे. ‘माझ्या माहितीप्रमाणे लोणारचे विवर उल्काघाताने झाले’, हे विधान पुराव्याने तपासता येते. तेथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारी खनिजरूपे सापडली आहेत. ‘माझ्या मते यंदाची सहल लोणारलाच न्यावी’, हे मात्र मत आहे. त्यावर वाद घालता येईल, परंतु प्रयोगशाळा त्याचा निकाल देणार नाही. आम्ही संशोधक मोजलेल्या आकड्यापुढे अधिक-उण्याचे चिन्ह लिहून त्याची अनिश्चितता सांगतो. ए.एफ.ए.आय.के. हे तसलेच चिन्ह आहे, फक्त ते शब्दांना जोडलेले आहे. आपल्या ज्ञानाची मर्यादा सांगून बोलणे ही वैज्ञानिक सवय होय. ती रुजवायची संधी समोर असताना आपण मुलांकडून पाच इंग्रजी शब्द पाठ करून घेतो.

लाँगफॉर्मच्या हव्यासाचे दुसरे फळ म्हणजे बनावट विस्तार. ‘कॉम्प्युटर’ या शब्दाच्या प्रत्येक अक्षरासाठी एकेक शब्द जुळवलेला विस्तार मुले घोकतात. मुळात हा संक्षेपच नाही. मोजणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो शब्द आला आणि यंत्रापूर्वी तो गणना करणाऱ्या माणसांसाठी वापरला जाई. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशा, हीही कल्पितकथाच. एस.ओ.एस.चा ‘सेव्ह अवर सोल्स’ हा विस्तार तर अनेकांना निर्विवाद वाटतो. प्रत्यक्षात १९०६ च्या बर्लिन परिषदेत हा संकेत स्वीकारला गेला, तो तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा क्रम गोंगाटातही चटकन ओळखता येतो म्हणून. विस्तार लोकांनी नंतर जुळवला.

विस्तार नेहमीच निरुपयोगी असतो, असे मात्र नाही. ‘रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग’ हे शब्द समजावून दिले, तर रडार वस्तूचा शोध घेते आणि तिचे अंतरही मोजते, एवढे नक्की कळते. याउलट पी.एच.मधील ‘पी’ कशासाठी, यावर आजही एकमत नाही. सोरेन्सन यांनी १९०९ साली ही संज्ञा आणली. ‘पी’चा विस्तार माहीत नसला तरी काही बिघडत नाही. मात्र पी.एच. एकने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती दहापट होते आणि दोनने उतरला की शंभरपट, हे माहीत नसेल तर सर्वच बिघडते.

म्हणून शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. लाँगफॉर्म विचारायचाच असेल, तर त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत. हा संक्षेप कोणत्या गरजेतून निर्माण झाला? तो वापरणारा नेमके काय सांगू पाहतो? आणि हा विस्तार खरा आहे हे कशावरून? मुलांना घरातील जुन्या पत्रांतले ता. क., ह. मु., चि. आणि आजच्या संदेशांतले संक्षेप गोळा करायला सांगून हे प्रश्न दोन्हींना लावता येतील. यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो एकदा विचारायची सवय लागली की मुले ती पाठ्यपुस्तकालाही लावतील, आणि त्याचे आपण स्वागत केले पाहिजे.