थ्री नॉट थ्रीचे पाठभेद

बंदुकीला लावलेल्या चिठ्ठीवर 'सगळे नंबर जुळतात' असं लिहिलेलं दिसलं, की मी सावध होतो. जुळणारे नंबर ही वाईट गोष्ट नव्हे. पण ज्या रायफलीने दोन महायुद्धं पाहिली, तिचा एकही सुटा भाग कधी बदलला गेला नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं तर आधी सांगणाऱ्याकडे पाहावं आणि मग बंदुकीकडे.

ही रायफल म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एन्फील्ड, आपली थ्री नॉट थ्री. होमगार्ड, एन.सी.सी., गावोगावची पोलीस ठाणी, सगळीकडे हिचाच वावर होता. २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांकडे होत्या त्याही याच जातीच्या. तिची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात बनत. त्यांच्या बुडावर 'के एफ' असा ठसा असे. गंमत अशी, की जी बंदूक इतक्या हातांत फिरली ती इथल्या हौशी माणसाला साध्या परवान्यावर ठेवता येत नाही, कारण तिचा बोअर प्रतिबंधित आहे. त्यामुळे तिचा शौक करायचा तर तो परदेशातल्या संग्राहकांच्या टेबलावर. इंग्लंडमधल्या एका स्नेह्यांनी मला निवांत हाताळू दिलेल्या अशाच एका रायफलीबद्दल हे लिहितो आहे.

दस्ता जिथे लोखंडात शिरतो, त्या पट्ट्यावर उजव्या बाजूला तिची जन्मकुंडली आहे: मुकुट, जी.आर. ही अक्षरं, बी.एस.ए. कंपनी, १९१७ साल, आणि खाली मार्क तीन. त्या तीनच्या शेजारी एक चांदणी. ही चांदणी आली २ जानेवारी १९१६ला. त्याआधीच्या मार्क तीनमध्ये बराच थाट होता. एकेक काडतूस हाताने भरता यावं म्हणून मॅगझिनवर सरकणारी झडप होती, दूरवरच्या जमावावर सगळ्या पलटणीने मिळून गोळीबार करण्यासाठी डाव्या अंगाला वेगळी साइट होती, वाऱ्याचा हिशेब धरून मागची साइट डावी-उजवीकडे सरकवायची सोय होती. खंदकात यातलं काहीच कामाचं नव्हतं आणि कारखान्यांना मात्र हजारो रायफली हव्या होत्या, तेव्हा हे सगळं गाळलं. तरी काही चांदणीवाल्या रायफलींत झडपेची खाच राहून गेलेली सापडते. नवख्या संग्राहकाला ती घोटाळा वाटते. मला ती खरेपणाची खूण वाटते. हाताशी असलेला माल वापरून टाकणारा कारखाना त्यात दिसतो.

आता नळी. ती १९१७ची नाहीच. तिच्यावर इशापूरचा शिक्का आणि ४३ हे साल आहे. म्हणजे बर्मिंगहॅमच्या या बाईचा संसार बंगालमध्ये झाला. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला स्क्रूही तेच सांगतो. लाकूड फाटू नये म्हणून इशापूरने काढलेली ही युक्ती. बॉडीवर एफ.टी.आर., म्हणजे कारखान्यातली संपूर्ण दुरुस्ती, आणि पुढे ५०. त्या दुरुस्तीत चढवलेला जाड काळा रंग अजून बऱ्यापैकी शाबूत आहे.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या नोजकॅपवर. तिथे तीन नंबर आहेत. पहिल्या दोघांवर आडवी रेघ मारलेली, तिसरा बॉडीशी जुळणारा. म्हणजे हा तुकडा आधी दोन रायफलींच्या तोंडाशी बसून आलेला. रेघही कशी, तर एका दमात, छिन्नीच्या एकाच घावाची. जुना आकडा खाली सहज वाचता येतो. लपवायचं काही नसलेल्या आर्मररचं हे काम. पण जुळणारा तिसरा आकडा सैन्यातलाच कशावरून? कालपरवा कुणी गॅरेजमध्ये बसून ठोकला असेल तर? भिंग लावलं तेव्हा आकड्यांच्या तळाशी १९५०चा काळा रंग साचलेला दिसला. आधी ठसा, मग रंग. मागाहून मारलेला ठसा रंग फोडून जातो आणि त्याच्या कडांशी उचललेलं लोखंड बोटाला बोचतं. इथे कडा बसलेल्या होत्या.

बोल्टचा जुना आकडा घासून सपाट केला आहे आणि त्यावर नवा मारला आहे. पाहिल्याबरोबर शंका येईल असंच हे काम. पण त्या आकड्यातल्या सातच्या डोक्यावरची रेघ टोकाला तुटकी आहे, आणि नोजकॅपवरच्या सातचीही अगदी तशीच. दोन्हीकडे तोच झिजलेला ठसा आणि बहुधा तोच माणूस. या रायफलीचा बोल्ट बॉडीत नीट बसवून द्यावा लागतो, कुठलाही उचलून घातला असं चालत नाही. तेव्हा बदललेल्या बोल्टला नवा नंबर देणं हे त्या कामाचाच भाग. दोन तुटक्या सातांनी मला दिलेला आनंद कोऱ्या करकरीत रायफलीने आजवर दिलेला नाही.

जुन्या पोथीचं संशोधन करणारा मागाहून घुसलेल्या ओव्या गाळतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच रीतीने. संग्राहकालाही तोच मोह होतो. इशापूरची नळी काढावी, १९१७ची शोधून बसवावी, काळा रंग उतरवावा, जुन्या पद्धतीचं ब्लूइंग करावं. पण इथे हिशेब उलटा आहे. ज्या सैन्याने बंदूक बनवून घेतली त्याच सैन्याने तिच्यात या ओव्या घातल्या. त्या गाळल्या की उरते ती कारखान्यातून कधीच न निघालेली १९१७ची रायफल.

लाकडाची परीक्षा सोपी आहे, फार कमी लोक करतात एवढंच. दस्त्याच्या टोकाला, जिथे पितळी तबकडी बसते, तिथे बोट फिरवावं. लाकूड धातूपेक्षा केसभर वर लागलं तर ठीक. खाली लागलं तर कुणीतरी पॉलिशपेपर चालवला आहे, आणि त्याबरोबर शिक्केही गेले आहेत. या रायफलीच्या दस्त्याला अंगठ्याएवढा जोड आहे. अक्रोडात अक्रोड, शिरेला शीर मिळवून बसवलेला. दिवाणखान्यातल्या महागड्या टेबलालाही असा जोड क्वचित मिळतो.

बनावट कुठे उघडी पडते, तर जिथे कुणी पाहत नाही तिथे. दुसऱ्या महायुद्धानंतर या रायफली शिकारीसाठी ढिगाने विकल्या गेल्या आणि लोकांनी त्यांचं पुढचं लाकूड अर्ध्यावर कापलं. आता त्यांच्यावर नवं लाकूड चढवून त्या 'सैनिकी' म्हणून विकल्या जातात. लाकूड उतरवून नळीभोवतीच्या आतल्या पट्टीचा स्क्रू पाहावा. त्याला एक बारीक स्प्रिंग असते. हौशी जोडकाम करणारा ती हटकून विसरतो, कारण बाहेरून तिचं अस्तित्वच कळत नाही. दस्त्यावरच्या पलटणीच्या पितळी चकतीला मात्र भुलू नये. एका स्क्रूवर बसणारी ती वस्तू. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर ती बसवणंही थांबलं होतं. १९१७च्या रायफलीवर एखाद्या नामवंत पलटणीची चकचकीत चकती दिसली, तर कहाणीचे पैसे वेगळे लावलेत असं समजावं.

स्नेह्यांना खटकत होता तो नळीवरचा आणखी एक ठसा: चौरस इंचाला १८.५ टन दाबाची चाचणी झाल्याची नोंद. ही बिगरसैनिकी चाचणी, रायफल सैन्यातून बाहेर पडून बाजारात आल्याची पावती. त्यांना तो भरून काढायचा होता, म्हणजे किंमत वाढेल. मी त्यांना म्हटलं, किंमत वाढेल हे खरं, पण पुढचा गिऱ्हाईक भिंग घेऊन आला तर त्याला तिथे काय दिसेल याचा विचार करा. ते अजून ठरवताहेत. तोवर आतली स्प्रिंग जागेवर आहे ना, हे आम्ही दोघांनी लाकूड उतरवून पाहून घेतलं. आहे, आणि तिच्याबरोबरचा वॉशरसुद्धा आहे.